कोरान्न्यांची हिरवी खूण

खोटं कशाला सांगू, नाना कोरान्ने मला पहिल्या दिवशी आवडले नाहीत. दुसऱ्या वर्षीही नाहीत. देवासच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून रुजू व्हायला गेले. हातात नेमणुकीचं पत्र, त्यावर मोठ्या साहेबांची सही, तरी या गृहस्थांनी ते पत्र खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पत्राकडे.

"केमिस्ट ना तुम्ही? मग सांगा, या सहीच्या शाईत काय काय असतं?"

मला सांगता आलं नाही, आणि तसं मी सांगून टाकलं.

"ठीक. निदान ठोकून तरी दिलं नाहीत. बसा."

पुढची अकरा वर्षं, म्हणजे ते निवृत्त होईपर्यंत, त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी आपली केमिस्टबाई.

नाना बाहेरून येणारा माल तपासायचे, आणि आमची लॅब त्यांच्याच खात्यात होती. सळया, पत्रे, नटबोल्ट, तेलाचे डबे, फाटकातून आत आलेली एकूण एक वस्तू आधी त्यांच्या टेबलावर जायची. किडकिडीत अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात घडीचं भिंग आणि हिरव्या शाईचं पेन. मागच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची, त्यामुळे ते खुर्चीत कायम एका अंगावर बसलेले. माल पसंत पडला की चलनावर हिरव्या शाईची खूण. एवढीशी ती खूण, पण ती मिळावी म्हणून इंदूरचे सप्लायर आमच्या टेकडीवरच्या देवीला नवस बोलतात, असं आम्ही लॅबमध्ये म्हणायचो.

कुणी म्हणालं, "नाना, डब्यावर छापलंय की सगळं, आता काय मोजून राहिलात?" तर उत्तर ठरलेलं. "डब्यावर छापलेलं खरं असतं, तर कंपनीने मला पगार कशाला दिला असता?"

त्यांचा दुसरा नियमही तितकाच पक्का होता. एका साहेबांनी एकदा पास झालेल्या पत्र्यांची थप्पी पुन्हा काढून बघायला सांगितली. नाना खुर्चीतून हलले नाहीत. म्हणाले, "साहेब, शंका घ्यायची ती आधी. चार दिवस घ्या, आठ दिवस घ्या. पण पास झालेला माल मी परत तपासत नाही. नाहीतर या खुणेला अर्थ काय राहिला?" साहेब पाय आपटत गेले. पत्रा कापला गेला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

घरी तरी माणसाने जरा सैल असावं की नाही? छे! देवासला तेव्हा पाण्याचे असे हाल, की एके काळी आम्हाला पाणी रेल्वेने आलेलं. कॉलनीत टँकर आला की सगळ्या बायका बादल्या घेऊन धावायच्या, आणि नाना लेंगा खोचून थेट टँकरवर चढायचे. हातात वेळूची काठी, तिला वीत वीत अंतरावर खाचा पाडलेल्या. ती आत बुडवून वर काढायचे आणि ओल कुठपर्यंत आली ते बघायचे.

"भिया, चार उंगल कम है."

"अरे साब, रस्ते में छलक गया."

"छलका होता तो टंकी बाहर से गीली होती. ये तो सूखी पड़ी है."

टँकरवाला त्यांना मागे कलेक्टर साब म्हणायचा. पण आमच्या गल्लीत टँकर गळ्यापर्यंत भरून यायला लागला, हेही तितकंच खरं. काकू मात्र कपाळाला हात लावायच्या. "तुम्हाला काय सांगू बाई, आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर यांनी भटजींना विचारलं, सगळी झाली ना? मध्ये एखादं गाळलं तर नाही?"

तर असा हा माणूस एक दिवस लॅबमध्ये आला. निवृत्तीला तेव्हा वर्षभर उरलं असेल. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "केमिस्टबाई, पेन्सिलीचं अक्षर उजेडाने उडतं का?"

मी म्हटलं, "नाही. कागद पिवळा पडतो, अक्षर राहतं."

"आणि शाईचं?"

"ते फिकं होतं हळूहळू."

"हं." त्यांनी मांडणीवरच्या एका बाटलीचं लेबल वाचलं. "आणि माणसाची नजर गेली, तर किती दिवसांत जाते?"

हा आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. मी स्टूल पुढे केलं. ते बसले, आणि या वेळी चक्क सरळ बसले, कारण पट्टी त्यांनी हातात काढून घेतली होती.

धारला त्यांची मोठी बहीण राहायची, आक्का. चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा नाना चार वर्षांचे आणि आक्का अठराची. तिने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिकवलं, भावाला वाढवलं आणि देवासला नोकरीवर धाडलं. नानांना आईचा चेहरा आठवत नव्हता. फोटो नव्हता. होती ती एक वही. आईचे वडील धार दरबारच्या दफ्तरात कारकून होते. त्यांनी मुलीला मोडी शिकवली होती, जुन्या दरबारी कागदांवरची ती हात न उचलता लिहायची लिपी. आईने त्या वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. पुरणाचं प्रमाण, भुलाबाईची गाणी, पोरांचे ताप, आणि मध्येच कुठेतरी मनातलं. कागद पुरवायचा म्हणून अक्षर मुंगीएवढं. तिने ती लिपी आक्काला शिकवली. नाना शिकले हिंदी शाळेत. त्यांना त्यातलं एक अक्षर ओळखू येत नव्हतं.

नाना नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट. भाऊबीजेला धारला गेले, आक्काने ओवाळलं आणि वहीचं पहिलं पान वाचून दाखवलं. एकच पान. नाना म्हणाले, पुढे वाच. आक्काने वही मिटली. "आई पुरवून वापरायची आहे, बाळ. वर्षाला एक पान. पुढचं मीसुद्धा उघडणार नाही." तेव्हापासून दर भाऊबीजेला एक पान, पस्तीस वर्षं झाली. अजून जवळजवळ तेवढीच पानं उरली होती.

"आणि आक्कांनी खरंच पुढचं कधी वाचलं नाही?" मी विचारलं.

नाना ओशाळले. त्यांना ओशाळलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नाही वाचलं. मी दर वर्षी पुढच्या पानात एक केस ठेवून येतो. दर वर्षी जागच्या जागी सापडतो."

सख्ख्या बहिणीची परीक्षा! आईच्या ठिकाणी असलेल्या बहिणीची! मी म्हटलं, नाना, धन्य आहे तुमची.

पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आक्काला काचबिंदू झाला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. थेंबांनी उरलेली काही वर्षं टिकेल, टिकली तर. गेल्या भाऊबीजेला तिने भिंग लावून अर्धं पान वाचलं आणि वही मिटली. अर्धं पान राहिलं, असं कधी झालं नव्हतं. आणि आक्काखेरीज ते अक्षर वाचणारं घरात कुणी नव्हतं.

"तिचे डोळे गेले की वही मुकी झाली," नाना म्हणाले. "आई दुसऱ्यांदा गेली, असंच म्हणा ना."

तेव्हा बिनफिल्मचे कॅमेरे नुकते यायला लागले होते. नानांनी कुठेसं वाचलं होतं, की असा कॅमेरा टीव्हीला जोडता येतो आणि त्यातलं अक्षर ताटाएवढं करता येतं. वहीच्या पानांचे फोटो काढायचे, अक्षर ताटाएवढं करायचं आणि आक्काने वाचायचं. आक्का तयार झाली. वर्षाला एक पान हा नियमही तिने मोडला. "डोळे आहेत तोवर होईल तेवढं वाचू," म्हणाली. अट एकच घातली. वही घराचा उंबरठा ओलांडणार नाही.

मी सुचवलं, स्कॅनर घेऊन जाऊ. नाना खवळले. "वही शिवलेली आहे. काचेवर दाबली की शिवण गेली. आणि आत तो दिवा कसा सरकतो बघितलंत? साठ वर्षांच्या कागदावरून?"

झालं. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, नाना कॅमेरा तपासायला लागले. इंदूरच्या दुकानांतून माहितीपत्रकं आणायची, भिंग लावून वाचायची आणि हिरव्या शाईने समासात शेरे मारायचे. एकावर लिहिलं होतं, दोन मिनिटं हात लावला नाही तर कॅमेरा आपोआप बंद होतो. त्यासमोर नानांचा शेरा: "असा माणूस मी कामावर ठेवला नसता."

एकदा मलाही सोबत नेलं. बसमध्ये नाना कधी झोपायचे नाहीत. पिशवीचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन धरलेला, आणि नजर वर ठेवलेल्या सामानावर. दुकानदाराने नुकताच आलेला कॅमेरा काढला. खोक्यावर सोनेरी अक्षरात सहा मेगापिक्सेल, म्हणजे चित्रात साठ लाख ठिपके. जितके ठिपके जास्त तितकं बारीक अक्षर स्पष्ट, असं त्याने ऐटीत समजावलं. नानांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, हिचा फोटो काढा. तो कॉम्प्युटरवर मोठा करून पट्टीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा मोजल्या. मग माहितीपत्रक उलटून मागच्या पानाच्या अगदी तळाशी भिंग टेकवलं.

"भिया, यहाँ नीचे तो तीन लिखा है. बाकी के तीन कहाँ से आए?"

"सर, वो सॉफ्टवेअर बना देता है. बीच बीच में भर देता है."

"मतलब दूध में पानी."

दुकानदाराने खोकं उचलून मागे ठेवलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या खोक्यांचा तळ बघायला लागली. परत येताना नाना इतके खुशीत होते, की वाटेतल्या एका फाट्यावर त्यांनी मला कचोरी खाऊ घातली. अर्थात आधी ती फोडून, आत काय आहे ते बघून. मीही कबूल करते, त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस बरोबर आहे आणि सगळं जग लबाड आहे. तेच नडलं.

पुढच्या वर्षी आमच्या लॅबलाच एक कॅमेरा आला. तुटलेल्या भागांचे फोटो काढून कंपनीला पाठवायचे असत. नवा कोरा, खरे पाच मेगापिक्सेल, नानांनी स्वतः तळापासून वरपर्यंत वाचून खात्री केली. पट्टीच्या रेघा केसासारख्या स्वच्छ आल्या. मी साहेबांच्या हातापाया पडून दोन दिवसांचा गेटपास काढला आणि नाना कॅमेरा घेऊन धारला गेले. आक्काला तेव्हा मोठी अक्षरं दिसत होती. पेपरचा मथळा ती वाचायची.

सोमवारी नाना परत आले. कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "रिजेक्ट."

फोटो मी पाहिले. पान दिसत होतं, ओळी दिसत होत्या, पण मोठं केलं की अक्षर पसरायचं. लोकरीचा धागा पाण्यात पडावा तसं.

"इथे तर पट्टी स्वच्छ आली होती," मी म्हटलं.

"तेच तर. काळ्या ठळक रेघा सगळेच दाखवतात. फिक्या अक्षराशी गाठ पडली की पितळ उघडं पडतं. दाखवायचा माल वेगळा, कामाचा वेगळा. पस्तीस वर्षं हेच बघत आलोय मी."

"नाना, फ्लॅश लावून बघायचा."

"त्या झगझगाटात शाई राहील?"

"मग उन्हात न्यायचं पान."

"उंबरठा, केमिस्टबाई. उंबरठा."

मी भांडले. म्हटलं, पुन्हा जा, पुन्हा काढा, आक्कांचे डोळे काय तुमची वाट बघणार आहेत? तर त्यांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. आठ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची घोषणा झाली होती. अजून बाजारात यायचा होता. "हा बघा. हा येऊ द्या."

तो यायला सहा महिने लागले. आला तर नाना म्हणाले, पहिल्या लॉटचा माल कधी घेऊ नये, त्यातल्या खोडी गिऱ्हाइकाच्या जिवावर सुधारतात. दुसरा लॉट आला तर म्हणाले, हा खरंच दुसरा आहे कशावरून? दुकानदाराकडून खोक्यावरचे नंबर मागवले. दरम्यान एका भाऊबीजेला आक्काने वही उघडलीच नाही. म्हणाली, आज डोळे थकलेत. नानांनी घरी येऊन सांगितलं ते काकूंनी मला सांगितलं, आणि मला इतका संताप आला की मी आठ दिवस त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. संशयाला काही माप असावं की नाही माणसाच्या?

एकूण दोन वर्षं गेली. मग एकदाचा त्यांनी तो आठवाला घेतला. पट्टीवर तपासला, पेपरच्या बारीक जाहिरातींवर तपासला, काकूंच्या साडीच्या विणीवर तपासला. आणि मला म्हणाले, "तुम्ही चला या वेळी. दुसरी नजर असलेली बरी."

आक्काचं घर धारच्या जुन्या वस्तीत, अरुंद गल्लीत. खाली रमेशभियाची पिठाची चक्की, वर आक्काच्या दोन खोल्या. आक्का पांढऱ्या नऊवारीत, ताठ बसलेली. मी नमस्कार केला तर तिने माझा हात हातात घेतला आणि बोटांनी चाचपला. 

"केमिस्टबाई ना? याच्या बोलण्यात सारखं येतं तुमचं नाव."

"नाव नाही येत, आक्का," मी म्हटलं, "केमिस्टबाई एवढंच येतं." ती खुदकन हसली.

खोलीत अंधार. तेव्हा विजेचे हाल तुम्हाला आठवत असतील, सकाळी दोन तास यायची, दुपारी दोन तास. नानांनी स्टँड लावला, वही पाटावर उघडून ठेवली आणि आम्ही विजेची वाट बघत बसलो. दुपारी वीज आली. नानांनी दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि फोटो काढला. मोठा करून पाहिला.

पसरलेला. तसाच. लोकरीचा धागा.

दुसरा काढला, तिसरा काढला. नानांचा चेहरा उतरला. "हाही भुक्कड निघाला," ते पुटपुटले. "आकडाच फुगवतात साले. आता म्हणे दहाचा येतोय."

"बाळ," आक्का म्हणाली, "ते फुलपात्र जरा तांब्यावरून बाजूला कर रे. केव्हाचं वाजतंय. चक्की चालू झाली की वाजतं."

मी कोपऱ्यात पाहिलं. तांब्यावरचं फुलपात्र बारीक किणकिणत होतं. मी जमिनीला हात लावला. फरशी थरथरत होती. पाट थरथरत होता. स्टँडवरचा कॅमेरा थरथरत होता.

वीज आली की नाना दिवे लावायचे. वीज आली की रमेशभिया चक्की लावायचा. दिव्याच्या मंद उजेडात कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा राहतो, तेवढ्यात हललं की अक्षर पसरणारच. पस्तीस वर्षं ज्या माणसाने सगळ्या जगाचा माल तपासला, त्याने तो ज्यावर ठेवला ती जमीन कधी तपासली नव्हती.

नानांनी खाली वाकून फरशीवर तळहात टेकवला. माझ्याकडे बघवेना त्यांना. लॅबचा तो पाचवाला कॅमेरा आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर उभा होता, आणि पेपरचा मथळा वाचणारी आक्काही. मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते. दोन वर्षं मनात साठवलेले होते. पण तो चेहरा बघून मी नुसती उठले.

मी जिन्यावरून खाली वाकून विचारलं, "भिया, एक घंटा चक्की बंद रख सकते हो? ऊपर काम है."

रमेशभियाने पट्टा उतरवला. पीठभरल्या भुवया वर करून म्हणाला, "हाँ तो! एक क्या, दो घंटे रखो. मास्टरनी बाई का काम है, पेले क्यों नी बोले?"

पेले क्यों नी बोले. आधी सांगायचं, एवढंच तर होतं.

पुढच्या तासात नानांनी उरलेल्या पानांचे फोटो घेतले. चित्रं अशी आली की कागदाचा एकेक तंतू दिसावा. अर्ध्या राहिलेल्या पानाच्या पुढचा तो केससुद्धा स्वच्छ आला, जागच्या जागी. कॅमेरा टीव्हीला जोडला. आक्काची खुर्ची पडद्याजवळ ओढली, हातभर अंतरावर. अक्षर मोठं करत करत नानांनी ताटाएवढं केलं.

"दिसतंय, आक्का?"

आक्का पडद्याकडे बघत नव्हती. पडद्याच्या डावीकडे भिंतीतलं कपाट होतं, तिचे डोळे त्यावर होते.  नाना खाली मान घालून उभे होते. 

"दिसतंय की," आक्का म्हणाली. "अगंबाई, किती स्वच्छ आलंय रे! आईचंच अक्षर." आणि ती वाचू लागली. संथ, एका लयीत, शाळेत धडा वाचावा तशी.

"आज बाळ भिंत धरून तीन पावलं चालला. चौथं टाकण्याआधी मागे वळून बघितलं, भिंत आहे ना म्हणून. फार संशयी पोर आहे. कुणाच्या हातचा घास घेत नाही, आधी हुंगतो. माझ्या हातचाही हुंगतो. आक्काच्या हातचा मात्र डोळे मिटून खातो."

नाना ऐकत होते. मी ऐकत होते. आणि त्याच वेळी पडदा निळा झाला. दोन मिनिटं कुणी हात लावला नव्हता, कॅमेरा आपोआप बंद पडला होता. समोर एक अक्षर नव्हतं, नुसता निळा उजेड. आक्का वाचतच होती.

नानांचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय विचार करत होते हे मला कळलं, कारण मीही तोच करत होते. केस जागेवर होता. म्हणजे ही पानं आक्काने आधी कधी वाचली नव्हती. आता तिला दिसत नव्हतं. मग हे येत कुठून होतं? ती रचत होती. भावाची दोन वर्षं वाया गेली, हे त्याला कळू नये म्हणून बसल्या बसल्या आई रचत होती.

उभ्या आयुष्यात ज्याने पाण्याच्या टँकरला सोडलं नाही, तो माणूस आता काय करतो, ते मी बघत होते.

"पुढे, आक्का," नाना कॅमेऱ्याजवळ बसत म्हणाले.

आक्काने आणखी चार पानं वाचली. दर पानानंतर नाना हलक्या हाताने नुसतं बटण दाबत, पडदा उजळे, आणि ती पुढचं सुरू करी. खाली मांडीवर त्यांची डायरी होती. दर पानाच्या आकड्यापुढे त्यांनी हिरवी खूण केली. खूण नेहमीसारखी, एवढीशी.

संध्याकाळच्या बसने आम्ही निघालो. मला राहवेना. मी म्हटलं, "नाना, चित्रं उत्तम आलीत. इंदूरला मोडी वाचणारे आहेत अजून. सीडी करून देऊ. वहीत नेमकं काय लिहिलंय ते शब्दन् शब्द कळेल."

नानांनी खिशातल्या हिरव्या पेनाचं टोपण घट्ट लावलं.

"केमिस्टबाई, तुम्ही इतकी वर्षं आमच्या खात्यात होतात," ते म्हणाले. "पास झालेला माल मी परत तपासत नाही."

मग त्यांनी मनगटावरचा पिशवीचा बंद सोडवला, कॅमेऱ्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि इंदूर येईपर्यंत गाढ झोपले.